दाराआडची हाक

त्या घरात एकही दार कधी पूर्ण लावत नसत. वर राहायच्या खोल्या, खाली फुलांचे हार-गुच्छ बनवायचा कारखाना, त्याच्या मागच्या अंगाला फुलं ठेवायची थंडी खोली, जिकडे बघाल तिकडे दाराखाली लाकडी पाचर सरकवलेली. न्हाणीघराचं दारसुद्धा वीतभर उघडं. कुणी आंघोळीला गेलं की बाकीच्यांनी शहाण्यासारखं तिकडे पाठ करून बसायचं. धाकटी नवी नवी सून म्हणून आली तेव्हा तिला या प्रकाराचं हसू आवरत नसे. मग एकदा कारण कळलं, आणि हसू जागच्या जागी विरलं.

कारण असं, की सासरची मंडळी एका लहानशा पंथातली होती आणि त्या पंथात बंद दाराआडून आलेल्या हाकेला ओ देत नसत. समोर तोंड दिसतंय, तर माणूस आपलं. तोंड दिसत नाही आणि नुसताच आवाज येतोय, तर तो आपल्या माणसाचा नव्हे; आपल्या माणसाचा आवाज उसना घेतलेल्या कशाचा तरी. घरात सगळे त्याला 'आतलं' म्हणत. आतलं गोड बोलतं, रडतं, गयावया करतं, तुमच्या पाळण्यातल्या गोष्टी सांगतं, कारण त्याला सगळं ठाऊक असतं. तुम्ही दार उघडलंत की ते तुमच्या माणसाचं तोंड लावून बाहेर येतं, आणि तुमचं माणूस कायमचं आत राहतं. म्हणून ओ द्यायची नाही. कानावर हात ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "माझी माणसं माझ्यासमोर. आत कुणी नाही."

आता हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. धाकटीनेही मनातल्या मनात लावला. पण ती पडली समजूतदार. तिला धाकटी म्हणत ते धाकट्या मुलाची बायको म्हणून. थोरली होती, पण ती नवऱ्याला घेऊन केव्हाच वेगळी झाली होती. "थोरलीला आमचं पटलं नाही," एवढंच सासूबाई सांगत. सासूबाईंना सगळा कारखाना माई म्हणे, म्हणून धाकटीही माईच म्हणायची. आणि माई बाई लाख होत्या हो! बाळंतपणात त्यांनी धाकटीला काडी उचलू दिली नव्हती. पहाटे फुलांच्या गाड्या आल्या की स्वतः उतरवून घेत आणि सुनेला म्हणत, "तू झोप गं, रात्रभर पोरीने जागवलंय तुला." अशा बाईशी एका पाचरीवरून कोण भांडणार? आणि नवरा पहिल्याच महिन्यात सांगून मोकळा झालेला, "माझा फारसा विश्वास नाही गं त्याच्यावर. पण आईच्या भावनांचा मान ठेव." धाकटीने ठेवला.

एकदा तिचा भाऊ राहायला आला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! आंघोळीला गेला आणि सवयीने दार लावून घेतलं. टॉवेल विसरला होता. "ताई, टॉवेल दे गं!" अशी त्याने आतून आरोळी ठोकली, आणि बाहेर जेवणाच्या टेबलाशी बसलेलं अख्खं घर पुतळ्यासारखं थिजलं. नवऱ्याचा घास हातात राहिला. माईंचे हात कानांवर गेले. आत भाऊ ओरडतोय, बाहेर कुणी हूं की चूं करत नाही, आणि धाकटी खाली मान घालून बसलेली. शेवटी तो तसाच निथळत, शर्ट गुंडाळून बाहेर आला आणि हसायला लागला. दुसरं कुणी हसलं नाही. माईंनी दिवसभर त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ते असं, की जणू त्याच्या चेहऱ्यामागे कोण आहे ते शोधताहेत. जाताना तो बहिणीला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, हे काय खूळ आहे?"

"ज्याची त्याची श्रद्धा," धाकटी म्हणाली. "आपण मान ठेवावा. आपलं काय जातंय?"

"माईंना मान दे की, कोण नको म्हणतंय? पण त्यांच्या डोक्यात जे बसलंय त्यालाही खुर्ची द्यायची? आणि आपलं काय जातंय ते जाईपर्यंत कळतं का कधी?"

धाकटीला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसला.

कारण माईंच्या बहिणीची गोष्ट तिला तोवर कळलेली होती. पंथाच्या मेळाव्यात ती दर वर्षी सांगितली जायची, आणि माईच सांगायच्या, ताठ उभं राहून. माई तरुण असताना त्यांची बहीण न्हाणीघरात गेली. दार कसं कोण जाणे, लागलं. मग आतून तिच्या आवाजात हाका सुरू झाल्या: पडलेय, रक्त येतंय, दार उघडा. वडील, आई, भावंडं, सगळी बाहेर बसली आणि कानावर हात ठेवून 'आत कुणी नाही' म्हणत राहिली. दुपार टळेपर्यंत हाका येत होत्या. मग थांबल्या. दार उघडलं तेव्हा बहीण गेलेली होती. "आतल्याने तिला आधीच नेलं होतं," माई सांगायच्या, "आणि मग तिच्या आवाजात आम्हाला बोलावत होतं. पण आमच्यातलं एकही डगमगलं नाही." यावर सगळं सभागृह समाधानाने हुंकार भरायचं. पहिल्यांदा हे ऐकताना धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाच्या नाडीकडे पाहत होता. तीही मग आपल्या हातांकडे पाहायला लागली.

आणि मग मुंगी मोठी झाली. धाकटीची एकुलती एक मुलगी. सतत काहीतरी गोळा करत हिंडायची, म्हणून मुंगी. दुसरीत गेली तशी माईंनी तिला मांडीवर घेऊन शिकवायला सुरुवात केली.

"आणि ते आईच्या आवाजात बोललं तर?"

"तरी ओ नाही द्यायची," मुंगी म्हणायची.

"आणि म्हणालं, माझ्या मुंगे, माझ्या राणी, तुझ्या पाठीवरचा तीळ मला ठाऊक आहे?"

"आतल्याला सगळंच ठाऊक असतं."

"शहाणी गं माझी बाय!" माई तिचा मुका घ्यायच्या.

धाकटी शेजारच्या टेबलावर गुलाबाचे काटे काढत असायची. तिच्या तोंडाशी यायचं, की पुरे आता, पोरीच्या डोक्यात असलं काही भरवू नका. तोंडाशी यायचं आणि ती ते गिळायची. पोर आजीच्या मांडीवर किती सुखात आहे, कशाला विघ्न आणा? मोठी झाली की आपोआप सुटेल. अहो, आपोआप काय सुटतं? आपोआप फक्त गाठ बसते.

तो सुट्टीचा दिवस होता. नवरा एका लग्नाची फुलं घेऊन गाडीने लांब गेलेला, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. कामगारांना सुट्टी. माई वर पडल्या होत्या. मुंगी पुढच्या टेबलाशी देठांची पानं खुडत बसली होती आणि धाकटी लिलीच्या बादल्या ढकलगाडीवर घालून थंड्या खोलीत ठेवायला गेली. फरशी ओली होती. गाडीचं चाक पाचरीला लागलं, पाचर सुळकन सरकली आणि ते जाड, जड, आपल्याच वजनाने मिटणारं दार तिच्या पाठीमागे लागलं. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. उशी दाबल्यासारखा झाला.

दाराला आतून दाबायचा दट्ट्या होता. तो केव्हाच मोडलेला. तिने कधीतरी नवऱ्याला दुरुस्त करायला सांगितलं होतं, तर तो म्हणाला होता, "दार कधी लागतच नाही आपल्याकडे, मग दट्ट्या कशाला हवा?" आणि तिलाही ते पटलं होतं. आता तिने मोडक्या दट्ट्यावर हात मारले, खांदा मारला, लाथा मारल्या. मागे वळताना गाडी कलंडली आणि बादलीभर गार पाणी तिच्या अंगावर आलं. कंबरेपासून खाली चिंब. फोन बाहेर, टेबलावर. डोक्यावर पंखा घोंघावत होता आणि मंद दिव्यात पांढऱ्या लिली तिच्याकडे तोंडं करून उभ्या होत्या.

"मुंगी!" ती ओरडली. "मुंगे, दार उघड गं!"

दाराशेजारी भिंतीत, अगदी जमिनीलगत, सांडलेलं पाणी बाहेर जायला एक भोक होतं, मूठ जाईल एवढं. तिने फरशीवर आडवं पडून त्याला डोळा लावला. कारखान्याची फरशी दिसली, टेबलाचा पाय दिसला. मग दोन चपला आल्या. निळ्या, पट्ट्यावर फूल असलेल्या. तिनेच परवा आणलेल्या. चपला भोकासमोर येऊन थांबल्या.

"आलीस का राणी! खटका खाली ओढ फक्त. स्टूल घे हवं तर."

चपला हलल्या नाहीत. वरून आवाज आला, बारीक आणि धडा म्हणावा तसा स्पष्ट.

"माझी माणसं माझ्यासमोर. आत कुणी नाही."

धाकटीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि अंगावरच्या पाण्यापेक्षा गार काहीतरी तिच्या मणक्यातून खाली गेलं.

"मुंगे, मी आहे गं. आई. आत्ता नाही का आले मी आत? तू बघितलंस ना?"

"माझी माणसं माझ्यासमोर. आत कुणी नाही."

तिने सगळं सांगून पाहिलं. पाठीवरचा तीळ सांगितला. सकाळी मुंगीने दूध नको म्हणून खिडकीतून ओतलं आणि हे आपल्या दोघींतच ठेवायचं ठरलं, ते सांगितलं. तिचं झोपताना म्हणायचं गाणं म्हटलं, दात वाजत होते तरी. एकेक गोष्ट सांगताना तिच्या लक्षात येत होतं, की आपण आपलाच गळा आवळतोय. आतल्याला सगळं ठाऊक असतं. बाहेरचा आवाज दर गोष्टीला जास्तच चढत होता.

मग तिचं टाळकं सटकलं. "कारटे! मस्करी चाललीय का? थांब, बाहेर येऊ दे मला, चांगली सडकून काढते! उघड म्हणते ना!"

आवाज थांबला. निळ्या चपला एक पाऊल पुढे आल्या. असं कुणी शिकवलं नव्हतं तिला. आतलं गोड बोलतं, रडतं, एवढंच शिकवलेलं. रागावणारी फक्त तिची आईच होती. दाराच्या खटक्याला हात लागल्याचा खुट्ट आवाज आला आणि धाकटीला तेवढ्याने भरून आलं. "हां माझं बाळ ते," म्हणत ती हमसून रडायला लागली.

रडणं ऐकलं मात्र, चपला मागे सरल्या आणि धावत सुटल्या. "आजी! आजी, आतलं आलंय! आजी!"

माई खाली आल्या. त्यांची जड पावलं धाकटीने ओळखली आणि तिला वाटलं, सुटले. मोठं माणूस आलं.

"एकदाही बोलली नाहीस ना त्याच्याशी?" माईंनी विचारलं.

"नाही आजी. ते खूप रडलं. ओरडलंसुद्धा माझ्यावर."

"शाब्बास गं माझी वाघीण."

"माई!" धाकटी भोकाला तोंड लावून किंचाळली. "माई, मी मरेन हो इथे!"

स्टूल ओढल्याचा आवाज आला. माई बसल्या. आणि मग दोन आवाज एका सुरात सुरू झाले, एक जाड, एक बारीक. माझी माणसं माझ्यासमोर. आत कुणी नाही. किती वेळ, देव जाणे. धाकटीने लिलीच्या बादल्या उपड्या केल्या, फुलांभोवतीचे कागद काढून पोटाशी लपेटले, पायांवर पाय घासले. पाय घासताहेत हे दिसत होतं, पण लागत नव्हतं. आत कुणी नाही, आत कुणी नाही. ऐकता ऐकता तिला वाटायला लागलं, की खरंच असेल तसं. आपण सकाळपासून बाहेरच आहोत, टेबलाशी, पोरीशेजारी. इथे फरशीवर पडलेलं हे दुसरंच काही आहे, आणि त्याला उगाच आपल्या नावाने रडू येतंय. मग थंडी वाजायची थांबली आणि छान ऊब यायला लागली. त्या उबेनेच ती घाबरून जागी झाली.

"तुमची बहीण अशीच मेली," ती म्हणाली. ओरडायचं त्राण नव्हतं. "रक्त येतंय म्हणत होती ती. तुम्ही ऐकत बसलात. दर वर्षी तुम्ही सांगता आणि दर वर्षी मी मान खाली घालते. माझंच चुकलं. पहिल्याच वर्षी उठून म्हणायला हवं होतं, माई, तुम्ही माणूस मारलंत."

जाड आवाज थांबला. बारीक एकटाच चालू राहिला. स्टूल सरकलं आणि भोकाच्या पलीकडे माईंचा श्वास ऐकू आला. म्हातारी गुडघे टेकून खाली वाकली होती.

"लहानपणी मी माझी बाहुली लपवली होती," त्या कुजबुजल्या. "कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. तुला असेल. सांग, कुठे?"

धाकटीच्या मनात आलं, काहीतरी ठोकून द्यावं. माळ्यावर, विहिरीत, काहीही. पण डोकं चालेना.

"मला काय माहीत हो माई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मला कसं माहीत असणार? मी होते का तिथे?"

पलीकडे माई उठल्याची चाहूल लागली. मग "आजी, नको! आजी, नको!" अशी मुंगीची किंकाळी आली, आणि दार उघडलं.

माईंनी तिला ओढत बाहेर काढलं, आपल्या अंगावरचा स्वेटर तिला घातला, पाय आपल्या पोटाशी धरले. म्हातारीचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तिलाही मी हेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "बाहुलीचंच. आतलं असतं तर सांगितलं असतं ना? ती म्हणाली, मला काय ठाऊक गं, दार उघड. मग वडील ओरडले, ओ का दिलीस म्हणून. आणि मी पुन्हा कानावर हात ठेवले. मला कळलं होतं, धाकटे. सगळा जन्म मला ठाऊक होतं." आणि दर वर्षी ताठ उभं राहून ती गोष्ट सांगणारी बाई लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडली. धाकटीला तिची दया आली, आणि तिचा गळा धरावासाही वाटला. दोन्ही एकदमच.

मुंगी टेबलाखाली जाऊन बसली होती. धाकटीने हात पुढे केले. "ये गं, राणी. घाबरलीस?"

पोरीने तिच्याकडे पाहिलं. भावाकडे माईंनी पाहिलं होतं, अगदी तसंच. आणि ती नीट, अदबीने म्हणाली, "तुम्ही आमच्या आईला कधी सोडणार?"

लोक म्हणाले, मुलं विसरतात. कसली विसरतात! मुंगी शाळेत जायची, जेवायची, सांगितलेलं ऐकायची. पाहुण्या बाईचं ऐकावं तशी. तिच्या हातून वेणी घालून घ्यायची, पण अंग आखडून. माई तिला मांडीवर घेऊन परत परत सांगत, "अगं, मी खोटं शिकवलं तुला. आतलं-बितलं काही नसतं." मुंगी ऐकून घ्यायची आणि बापाच्या कानात सांगायची, "आजी फसली." इतके दिवस जे शिकवलं ते सगळं पोरीने खरं मानलं, आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं तर ते खोटं ठरलं. माई त्यानंतर मेळाव्याला गेल्या नाहीत. नवऱ्याने दट्ट्या नवा बसवून घेतला आणि म्हणाला, "लहान आहे गं ती. हळूहळू घे. तिच्या मनात जे आहे त्याचा मान ठेव."

"मान?" धाकटीने हातातली कात्री टेबलावर आपटली. "मान ठेवून ठेवूनच ही वेळ आलीय! माझी पोर मला आई म्हणत नाही, कळतंय का तुला? माझ्या घरात मीच भूत झालेय!" नवरा गप्प बसला. त्याला गप्प बसण्याची सवयच होती, आणि तशी तिलाही होती.

एका दुपारी ती मागे आली तर मुंगी थंड्या खोलीच्या दाराशी पालथी पडली होती. दप्तर पाठीवरच. जमिनीलगतच्या भोकात ती आपला लोकरी मफलर बोटाने आत ढकलत होती. "आई, ओढून घे," ती कुजबुजत होती. "थंडी वाजते ना तुला? ती बाई तुझी चप्पल घालते. बाबांना कळतच नाही." मग भोकाला कान लावून ती बराच वेळ थांबली. धाकटी पुढे झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आत धाकटीने दोन स्वेटर चढवले, थंड्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. नवा दट्ट्या दाबून दोनदा खात्री केली. तिचा बेत साधा होता. पोर येईल, हाक मारेल, आपण बोलायचं, आणि ती खुलली की दार उघडून तिच्यासमोर जायचं. बघ, आतून आले ती मीच. मग कशी नाही म्हणेल?

निळ्या चपला आल्या.

"आई?"

किती दिवसांनी! "ओ," धाकटी म्हणाली.

बाहेर दप्तर धपकन खाली पडलं. मग मुंगी बोलायला लागली ती थांबेचना. पडलेला दात, बाईंनी दिलेलं फूल, मैत्रिणीशी झालेली कट्टी, पाढे, सगळं एका दमात. आवाजात तोच हट्ट, तीच घाई, जी गेले कितीतरी दिवस घरात कुणी ऐकली नव्हती. धाकटी हसत होती आणि रडत होती. बोलता बोलता ती उठून उभी राहिली आणि तिने दट्ट्यावर हात ठेवला.

"आई," बाहेरून मुंगी म्हणाली, "मी दार नाही हं उघडणार. तू रागावू नकोस. उघडलं की पुन्हा ती बाईच येते, आणि मग तू बोलतसुद्धा नाहीस."

दट्ट्या नुसता दाबायचा होता. दाबला असता तर पोरीने तिच्याकडे पाहिलं असतं, त्याच नजरेने, आणि मग या भोकाशीही ती पुन्हा आली नसती. धाकटीने हात काढला. ती परत फरशीवर पडली आणि भोकाला तोंड लावून म्हणाली, "नको उघडूस, राणी. सांग, पुढे काय झालं?"